एकशे साठची लाईन

“लक्ष्या, सही कर आणि मोकळा हो. कशाला वाढवतोस उगाच?”

सुदर्शन सरांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. लक्ष्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. कागदावर टाईप केलं होतं की स्थानिक मेकॅनिक श्री. लक्ष्मण यांनी चुकीचा वीजपुरवठा जोडल्यामुळे संस्थेने भेट दिलेले लाल इंजिन जळाले, यात शाळेचा काहीही दोष नाही. खाली सहीसाठी टिंबांची रेघ. कागदावर श्री. लावायला विसरले नव्हते. तोंडाने मात्र लक्ष्या.

“कोण बोलतो चुकीचा?” लक्ष्या म्हणाला. “मीटर लावलेला मी. आठ दिवस लावलेला.”

मोखाड्याच्या स्टँडमागे लक्ष्याचं दुकान. बावीस वर्षं झाली, तो मोटरी भरतो. जळालेली मोटर खोलायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नव्या तारेचे वेढे भरायचे, वॉर्निश पाजून उन्हात ठेवायची. हे त्याला कुणी शिकवलं नाही. आठवीत असताना त्याने शाळेचा रेडिओ खोलला, आत काय बोलतं ते बघायला. गुरुजींनी सगळ्यांसमोर झोडपला. लक्ष्या दप्तर तिथंच टाकून जो निघाला तो परत फिरला नाही. तेव्हा त्याच्या शेजारी बसणारा सुद्या शिकत राहिला, डीएड झाला, आणि आता खोडाळ्याच्या पुढे या शाळेत मुख्याध्यापक होऊन खुर्चीत बसला होता.

रेल्वे आली दिवाळीनंतर. मुंबईच्या कुठल्या संस्थेने खोकं पाठवलं. कुणा श्रीमंताची पोरं मोठी झाली असणार, त्यांचा खेळ. रूळ, बोगदा, सहा डबे आणि दोन इंजिनं, एक लाल, एक काळं. इंजिनांना वीज देणारे डबे मात्र खोक्यात नव्हते. ते द्यायचं कुणाला सुचलंच नाही. विज्ञानाच्या उज्ज्वला मॅडमनी मोबाईलचा चार्जर जोडून पाहिला, इंजिन हललंसुद्धा नाही. सर लॅपटॉपचा चार्जर घेऊन धावले, तो मॅडमनी अडवला. मग लक्ष्याला फोन.

दोन इंजिनं, दोघांची भूक वेगळी. लक्ष्याने जीपची जुनी बॅटरी आणली, एकेक इंजिन तिच्यावर चालवलं, मीटर लावून बघितलं. काळं चिमणीसारखं, थोडक्यात भागायचं. लाल दांडगं. सहा डबे ओढायचे तर त्याला पुरे बारा व्होल्ट पाहिजेत आणि करंट काळ्याच्या दुप्पट. त्याने ठरवलं, दोघांचे विजेचे डबे वेगळे करायचे. वायरीही वेगळ्या रंगाच्या, म्हणजे पोरांनी उलटंसुलटं जोडायला नको.

आता खरी गोम पुढे होती. शाळेच्या सॉकेटात मीटर घातला तर एकशे बासष्ट व्होल्ट. दोनशे तीसच्या जागी एकशे बासष्ट. बाजारातला बारा व्होल्टचा तयार डबा इथे आठावर यायचा. लाल इंजिन नुसतं घुमायचं, चढाला दम टाकायचं. पण लक्ष्याला हे काही नवीन नव्हतं. इकडे कुणी मोटर घेऊन आलं की तो कंपनीचे वेढे मोजत बसत नाही, गावाची लाईन विचारतो. खोडाळ्याची वेगळी भरायची, दाभोशाची वेगळी. कंपनीसारखी भरली तर ती कंपनीच्या गावात चालेल. म्हणून त्याने लालसाठी पुऱ्या दोनशे तीसला अठरा देईल असा ट्रान्सफॉर्मर भरला. एकशे बासष्टला तो बरोबर साडेबारा देतो. भरण्याआधी उज्ज्वला मॅडमनी आठ दिवस, रोज तीनदा, मीटरचा आकडा कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहिला. एकशे अठ्ठावन्न, एकशे साठ, एकशे पासष्ट. एकशे सत्तरच्या वर एकदाही नाही.

मग पुढचे आठ दिवस गाडी धावली. ज्या तालुक्यात रूळ नाही, त्या तालुक्यात धावली. एक नवशी नावाची पोर गाल फरशीला टेकवून आडवी व्हायची, म्हणजे गाडी डोळ्यांसमोरून खऱ्याएवढी जाते असं तिचं म्हणणं. लक्ष्याला उगाच आपलं शाळेत जावंसं वाटायचं, या वयात.

नवव्या दिवशी विज्ञान खोलीच्या उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब आले. माईक बंद पडायला नको, प्रोजेक्टर मिणमिणायला नको, म्हणून सरांनी वर फोन केला, वरून खाली फोन आला, आणि वायरमनने आजूबाजूचे तीन पाडे बंद करून टाकले. तीन पाड्यांची वीज एका शाळेत शिरली. लक्ष्याला कुणी सांगितलंच नाही. तो हारवाल्यांच्या मागे दाराशी उभा होता, आत बोलावलं नव्हतं ना.

साहेबांनी बटण दाबलं आणि लाल इंजिन सुटलं ते पिसाळल्यासारखं. साहेब हसले, म्हणाले ही तर आपली बुलेट ट्रेन. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, मोबाईल वर धरले. लक्ष्या दारातून ओरडला, बंद करा म्हणून, तर कुणीतरी त्याचा दंड धरला, फोटो चाललाय म्हणाला. तिसऱ्या फेरीला डबे वळणावर उडाले, इंजिनाचं नाक बोगद्याच्या तोंडात अडकलं, चाकं रुळावर तशीच. बाराच्या जागी एकोणीस व्होल्ट आणि हलायला जागा नाही. धूर निघाला तेव्हासुद्धा एकजण टाळ्या वाजवत होता. लक्ष्याने घुसून वायर उपटली आणि मीटर सॉकेटात घातला. दोनशे एक्केचाळीस. साहेबांची गाडी फाट्यावर पोचली नसेल, तोवर परत एकशे साठ.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर. वर लिहिलेलं, लक्ष्याची बुलेट. स्टँडवरचे जीपवाले दुकानावरून जाताना विचारायला लागले, काय रे, आज काय जाळलंस. पिठाच्या गिरणीवाली हिराबाई तिची मोटर दुकानात भरायला देऊन गेली होती. तिसऱ्या दिवशी आली आणि तशीच उचलून जव्हारला घेऊन गेली. तिची मोटर बारा वर्षं लक्ष्याच्याच हातची. बावीस वर्षांत त्याने दुसरं काही कमावलेलं नव्हतं. लोक म्हणायचे लक्ष्याने भरली म्हणजे बघायला नको. तेवढंच होतं. आणि आता तेवढंच या कागदावर सही करून द्यायचं.

सर समजावत होते. संस्थेच्या सोनल मॅडमनी अहवाल मागवलाय. शाळेची चूक दिसली तर काळं इंजिन, त्यांनीच दिलेली दुर्बीण, विज्ञान खोलीतलं सगळं सामान दुसऱ्या शाळेला जाईल. म्हणाले, तुझं काय जातंय, तुला कोण ओळखतो मुंबईत. पोरांचा विचार कर.

लक्ष्याचं डोकं सटकलं. “लाईन कोणी वाढवली ते लिही ना मग. तीन पाडे कोणी बंद केले ते लिही. सुद्या, फोन तू केलेलास.”

सरांनी दाराकडे बघितलं. “इथे सर म्हण.”

“हां सर. लिहा सर.”

“ते लिहिता येत नाही, लक्ष्या. तुलाही माहितीये.”

“मना माहितीये. म्हणून मीच गावलो.”

उज्ज्वला मॅडम कपाटाशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “लक्ष्मणदादा, एक विचारू? लाईन कितीही वाढली तरी बारावरच थांबेल, असं काही बसवता आलं असतं का?”

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर लक्ष्या त्याच्या अंगावर गेला असता. पण बाईने खरोखर विचारलं होतं. आणि उत्तर हो होतं. नखाएवढी वस्तू असते. त्याच्या दुकानात खालच्या खणात चार पडल्यात. वर किती का येईना, पुढे ठरलंय तेवढंच सोडते. बसवायला दहा मिनिटं लागली असती.

“आलं असतं,” तो म्हणाला.

सर चटकन पुढे वाकले. “बघ. तूच म्हणतोस.”

लक्ष्याने त्यांच्याकडे बघितलंच नाही. तो आठवत होता. बावीस वर्षांत दुकानाच्या फळीवर किती माणसं येऊन गेली. मोटर घुमते पण उचलत नाही. टीव्हीचं चित्र आवळतं. पंखा बोटाने फिरवावा लागतो. सगळ्यांची एकच रड, कमी येते. जास्त आली म्हणून तक्रार घेऊन एक माणूस कधी आला नाही. त्याच्या डोक्यातच ते नव्हतं. आणि नव्हतं म्हणून त्याला आता सरांपेक्षा स्वतःचा जास्त राग आला, आणि ज्यांनी ते डोक्यात येऊ दिलं नाही त्यांचा त्याहून.

त्याने कागद ओढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला बसला. आठवीपर्यंतचं अक्षर, तिरकं, मोठं. सर दोनदा म्हणाले, अरे इथे नाही, पुढच्या बाजूला. तो लिहीत राहिला. मग कागद फिरवून सरांपुढे ठेवला.

‘मी लक्ष्मण, मोटर भरणारा. लाल इंजिन मी केलेल्या डब्याने जळालं. शाळेची लाईन आठ दिवस एकशे साठ होती, आकडे कपाटात आहेत. तिच्यावर मी डबा भरला. त्या दिवशी दोनशे एक्केचाळीस आली. तीन पाडे बंद करून आली. आमच्याकडे कधी पुरी लाईन येईल असं मला वाटलं नाही. ही माझी चूक.’

खाली सही. पूर्ण नावाने.

सरांनी वाचलं. परत वाचलं. म्हणाले, हे मी कसं पाठवू.

“नको पाठवू. फाडायचा तर फाड. पण माझ्यासमोर फाड.”

सरांनी कागद दोन्ही हातांत धरला. बोटं कडेला आली आणि तिथंच राहिली. मॅडम बघत होत्या. बाहेर पटांगणात पोरं जेवणाच्या रांगेत भांडत होती. सरांची बोटं हलली नाहीत, फाडायलाही नाही आणि कागद खाली ठेवायलाही नाही.

मग लक्ष्याने टेबलावरचा आपला मीटर पिशवीत टाकला.

“मना आता निघाय पायजे,” तो म्हणाला.