बारा नाण्यांची अंघोळ

लोरेदानाने अक्रोडाची पेटी नगरपालिकेच्या टेबलावर ठेवली, तेव्हा कडेवरची तान्ही लेक बियांका नुकतीच झोपली होती. पोर झोपली की रंधा, उठली की पाळणा, असे आठ महिने त्या पेटीला लागले होते. बाबांच्या अठ्ठेचाळीस रोमन नाण्यांना अठ्ठेचाळीस खळगे, प्रत्येक ज्याच्या त्याच्या मापाचा.

बाबांची, म्हणजे आद्देल्मोंची, नजर जाऊन तीन वर्षं झाली होती. पण नाणं बोटांनी चाचपलं की म्हणायचे, "हा हेड्रियन. दाढी बघ कशी भरगच्च!" चाळीस वर्षं पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ती नाणी उद्या संताच्या उत्सवात पहिल्यांदाच गावापुढे यायची होती. यादी करायला म्हणून ती आठवडाभर नगरपालिकेत होती.

सांस्कृतिक कामं बघणाऱ्या बेनव्हेनूती साहेबांनी हसत ताट पुढे केलं. त्यातली बारा नाणी नव्या पातेल्यासारखी चकाकत होती.

"हे काय?"

"सरप्राइज! आमच्या झिता मावशींचा हात लागलाय."

चर्चची चांदी सांभाळणारी झिता मावशी लाजत पुढे आली. उत्सवाआधी गावातल्या बायका संताची चांदी व्हिनेगर आणि राखेने घासतात. लोरेदानानेही लहानपणी घासली होती.

"हिरवीगार पडली होती गं, शेवाळल्यासारखी," मावशी म्हणाली. "संताच्या दिवशी तशी कशी मांडायची? सगळीच घासली असती, पण मनगट धरलं मेलं."

"मावशी, शेवाळ नव्हतं ते! शेकडो वर्षं मातीत राहून चढलेलं कवच होतं. त्याच्यातच नाकडोळे होते, अक्षरं होती. ते गेलं की मागे नुसती चकती उरते."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. "मला साहेब म्हणाले, चमकव..."

"लोकांना चमक लागते," साहेब म्हणाले. "काळपट चकत्या बघायला कोण येतंय?"

तोवर लोरेदानासोबत आलेल्या, टेबलाशी खुर्चीत बसलेल्या आद्देल्मोंनी ताटात हात घातला होता. एक नाणं त्यांनी अंगठ्याखाली फिरवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"लोरे, ही माझी नाहीत. कुणी बदलली?"

खोटं बोलावं, असं तिला क्षणभर वाटलं. "तुमचीच आहेत, बाबा. घासलीत."

आद्देल्मोंनी मूठ मिटली. "चोरीला गेली असती तरी बरं होतं," ते हळूच म्हणाले. "कुठेतरी असती तरी."

"बरं, आता गवगवा नको," बेनव्हेनूती कुजबुजले. "चकचकीत पुढच्या रांगेत लावा. आजोबांना कुठे दिसणारेय?"

लोरेदानाच्या कानशिलांतून जाळ निघाला. कडेवर लेक नसती तर ती ओरडलीच असती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "दिसत नाही, तरी त्यांना कळलं. तुम्हाला दोन डोळे असून कळलं नाही. लाज वाटू द्या."

तिने बियांकाला बाबांच्या मांडीवर दिलं आणि छत्तीस नाणी खळग्यांत बसवली. मधली रांग त्या बारांची. त्यांच्याखाली पेटीतच ठेवलेल्या पुठ्ठ्यावर तिने ठळक अक्षरांत लिहिलं: "ही बारा नाणी मातीत शेकडो वर्षं टिकली. आपल्या नगरपालिकेत आठवडाभरही टिकली नाहीत. बेनव्हेनूती साहेबांच्या सांगण्यावरून घासली."

"आणि झिताने घासली," मावशी मागून म्हणाली. "लिही. हात माझेच होते."

"हे लावता येणार नाही!" साहेब किंचाळले. बियांका दचकून रडायला लागली.

लोरेदानाने काचेचं झाकण बसवलं आणि बुडाशी कुठेतरी एक लाकडी खिट्टी दाबली. कुलूप नाही, किल्ली नाही. ती खिट्टी कुठे आहे हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"फोडायची असेल तर फोडा. उद्या सगळ्यांसमोर फोडा."

दुसऱ्या दिवशी बँड वाजला, पाद्रीबाबांनी कापड ओढलं आणि माणसं वाचायला वाकली. बेनव्हेनूती साहेब पेटीचं बूड चाचपत राहिले. घामाघूम झाले, पण झाकण काही हललं नाही. झिता मावशी मात्र दिवसभर पेटीपासून हलली नाही. येईल त्याला सांगत होती, "घासली मी. घासायला लावली त्यांनी. ते बघा, तिकडे चाललेत!"

आद्देल्मो त्या दिवशी घरीच राहिले. ते म्हणाले, "छत्तीस जणांना भेटायला परवा येईन. बारांना नाही."