करड्या रंगाखालून

मी भिंत आहे. विटांची, शिकागोच्या दक्षिणेकडल्या एका लॉन्ड्रीची. चाळीस वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. कुत्री तेवढी जवळ यायची.

मग लुशियस टार्व्हर आला. आमच्याच काळ्यांच्या वस्तीतला, पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याची चित्रं गोऱ्यांच्या कलादालनांनी दारातूनच परत पाठवली होती. "नका देऊ जागा, मी विटांवर काढीन," म्हणाला आणि मला शिडी लावली.

अख्खा उन्हाळा तो खपत होता. आत इस्त्री करणाऱ्या बायका त्यानं माझ्यावर दुप्पट उंचीच्या काढल्या. मधोमध झेनोबिया, हातावरच्या भाजल्याच्या डागासकट.

"मेल्या, डाग तेवढा झाकायचास की!" ती कमरेवर हात ठेवून ओरडली.

"ताई, डागच झाकायचे तर साबणाची जाहिरात नसती का काढली?"

ती खो खो हसली. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी तळलेला मासा घेऊन आली. पुढे नवी जोडपी लग्नाच्या कपड्यांत माझ्यापुढे फोटो काढू लागली. मला वाटलं, आपणही कुणीतरी झालो!

मग लॉन्ड्री बंद पडली. झेनोबिया वारली. भाडी वाढली, माणसं पांगली. नव्या मालकानं कॉफीचं दुकान थाटलं. त्याला करडी भिंत हवी होती. कळताच ऐंशी ओलांडलेला लुशियस काठी टेकत आला.

"आजोबा, तुमच्या कलेबद्दल मला फार आदर आहे," मालक गोड बोलला. "पण गिऱ्हाइकाला प्रसन्न वाटायला हवं ना."

"निदान ही मधली बाई राहू दे."

"एकटी विचित्र दिसेल हो."

मालकाच्या रंगाऱ्यानं करड्या रंगात रोलर बुडवला. लुशियसनं तो त्याच्या हातून काढून घेतला. "थांब. हिला परक्यानं पुसायचं नाही."

आधी डाग गेला, मग खांदा, मग चेहरा. डोळ्यांवरून रोलर फिरवायला त्याला फार वेळ लागला. नंतर तो फुटपाथवरच बसला. आतून कुणी खुर्चीसुद्धा आणली नाही.

त्याच हिवाळ्यात तो गेला. वर्तमानपत्रांनी माझा जुना रंगीत फोटो छापला. नगरपालिकेनं भोकं पाडून माझ्यावर पितळी पाटी ठोकली: 'थोर चित्रकार'. लोक ती वाचून हळहळतात आणि कॉफी घ्यायला आत जातात.

हळहळू नका. तुमच्या गल्लीत कुणी भिंत रंगवत असेल, तर आजच जाऊन त्याची शिडी धरा. माझ्याकडे येऊन आता काही उपयोग नाही.