माझं नाव त्यानं पळवलं

मी मंकी पाना बोलतोय. खरा मंकी पाना. माझे दोन्ही जबडे गुळगुळीत आणि मुठीशी काटकोनात. शेजारच्या खिळ्यावर लटकलाय तो दातेरी, हलत्या जबड्याचा, तो पाइप पाना. गोल नळ चावून धरणं एवढंच त्याचं काम. दुरून आम्ही भाऊ दिसतो. पण तोंडात बघायचे कष्ट कोण घेणार? नेब्रास्कातल्या या कोठारात बोहुमिल आजोबा कायम त्यालाच ‘मंकी’ म्हणत आलेत. नाव माझं, मान त्याला, गंज मला!

तिसरा स्क्रू पाना. सडपातळ, मान जराशी तिरकी. अडचणीच्या जागी शिरतो, म्हणून सगळ्यांचा लाडका. त्याला पाहिलं की माझा जळफळाट होतो.

जुलैत पवनचक्कीचा पंप दांड्यापाशी गळू लागला. पाणी टाकीत चढेना. गाई कोरडी टाकी चाटू लागल्या. गळती अडवणारं आतलं पॅकिंग बदलायचं, तर मोठा पितळी नट सोडवायला हवा.

“लिओना, मंकी आण!”

कॉलेजातून सुटीला आलेली नात मला घेऊन धावली.

“हा नव्हे गं, तो दातवाला! कॉलेजात हेच शिकवतात?”

“आजोबा, दात पितळ खातील. हा नट गेला तर दुसरा गावात मिळायचा नाही.”

“तुझ्या जन्माआधीपासून नट फिरवतोय मी!”

“म्हणून तर इथला एक नट धड नाही!”

आजोबांनी दातेऱ्यालाच लावलं. कर्रर्र! नटाचे दोन कोपरे सोलले. खरं सांगतो, मला आनंद झाला. मग एक गाय हंबरली, आणि तो आनंद तिथेच विरला.

लिओनानं स्क्रू पाना लावून पाहिला. त्याचं तोंड तेवढं उघडेना. मग तिनं मला उरलेल्या कोपऱ्यांवर घट्ट बसवलं.

“आता हट्ट पुरे. धरा इकडून!”

दोघांनी माझी मूठ ओढली. मी जबडे आवळून धरले. नट हलला.

संध्याकाळी टाकी भरली. आजोबा दातेऱ्याला थोपटत म्हणाले, “शेवटी मंकीच कामाला आला!”

“आजोबा, तोंड बघा हो त्याचं!” लिओना ओरडली. तिनं माझा गंज घासून काढला, मला तेल लावलं. मी सुखावलो. आणि लगेच त्या सडपातळाला मागच्या खिशात खोचून ती कुंपणाकडे निघून गेली.

तुम्ही तरी नाव घेण्याआधी तोंड बघा. आणि लिओना भेटली तर तिला सांगा, जरा मोठा खिसा शिवून घे म्हणावं.