मिरीची अठरा नखं

दातांच्या दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणत. डॉक्टर म्हणत, औषधं घेऊन येणारा माणूस म्हणे, आणि खुर्चीत बसायच्या आधीच भोकाड पसरणारी पोरंही म्हणत. एकोणीस वर्षं ती तिथे डॉक्टरांच्या हाताखाली होती. अवजारं पुढे करणं हे तिचं नावापुरतं काम. खरं काम म्हणजे घाबरलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं आणि तो आपणहून तोंड उघडेपर्यंत घाई करायची नाही. हे आपल्याला येतं, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच घरच्या कुत्रीची नखं कापायला तिला भूल द्यावी लागेल असं ठरलं, तेव्हा ते ताईच्या जिव्हारी लागलं.

कुत्रीचं नाव मिरी. नऊ वर्षांची, मध्यम चणीची, अंगाने करडी आणि नखं शाईत बुडवून काढल्यासारखी काळीकुळकुळीत. ती ताईच्या सासऱ्यांची लाडकी. सासरे काचवाले. खिडक्यांच्या, आरशांच्या, फोटोंच्या काचा कापण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. काचेवर एकदा हात सुरू झाला की मध्ये थांबायचं नसतं, थांबलं की काच भलतीकडेच तडकते. पुढे हात थरथरायला लागला, दुकान दुसऱ्याला दिलं, पण एका फटक्यात काम उरकायची सवय गेली नाही. मिरीची नखं तेच कापायचे आणि सहा महिन्यांपूर्वी तशीच कापायला गेले. कुत्र्याच्या नखात एक शीर असते. पांढऱ्या नखातून ती गुलाबी दिसते, काळ्यातून अजिबात दिसत नाही. ती शीर कापली गेली. मिरी किंचाळली, हिसडा देऊन पळाली आणि स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत रक्ताचे ठिपके उमटवत गेली.

तेव्हापासून तिने कुणाला पायाला हात लावू दिला नाही. नखं वाढत गेली. फरशीवरून ती चालली की टक टक आवाज यायचा, जिना उतरताना पाय घसरायचे. ताईच्या नवऱ्याने एकदा तिला चादरीत गुंडाळून धरायचा बेत केला. पाच मिनिटांत तो चादरीत आणि मिरी बाहेर, असा प्रकार झाला. मग ते तिला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे तोंडाला जाळी बांधली, तिघांनी मिळून धरलं, आणि मिरीने थरथरत टेबलावरच मुतून टाकलं. डॉक्टर मॅडमनी स्वतःच कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, आज राहू द्या, तीन आठवड्यांनी हृदय तपासू आणि भूल देऊन कापू.

सासरे बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. ताई आतच थांबली. तिने विचारलं, तीन आठवडे थांबलं तर काही बिघडेल का. मॅडमनी मिरीच्या पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख लांबूनच दाखवलं. ते आकड्यासारखं वळून कातडीच्या दिशेने निघालं होतं. महिनाभर निभेल, त्यापुढे मांसात शिरेल, असं त्या म्हणाल्या.

"मग हे तीन आठवडे मला द्या," ताई म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग खुर्ची ओढून समोर बसल्या आणि सगळं समजावून सांगितलं. नखं कापायची कात्री नवी घ्या, बोथट कात्री नख कापत नाही, चिरडते. काळं नख असलं तर एकदम तुकडा पाडायचा नाही. कागदाएवढी पातळ चकती काढायची आणि कापलेल्या जागेकडे बघायचं. आधी ती कोरडी, पांढरट दिसते. मधोमध ओलसर काळा ठिपका दिसायला लागला की शीर जवळ आली, तिथे हात आवरायचा. आणि जवळ मक्याचं पीठ ठेवायचं. रक्त आलंच तर चिमूटभर दाबून धरायचं.

दुसऱ्या दिवसापासून ताई कामावरून आली की हात-पाय धुऊन गॅलरीच्या दाराशी जुना टॉवेल अंथरायची आणि त्यावर बसायची. तिथे उजेड चांगला यायचा. दार उघडंच ठेवायचं, मिरीला धरायचं नाही, बोलवायचंसुद्धा नाही, एवढं तिने घरात सांगून टाकलं. वाटीत उकडलेल्या कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे असायचे. पहिल्या दिवशी कात्री दोन हात लांब फरशीवर नुसती पडून होती. मिरीने तिच्याकडे पाहिलं की एक तुकडा. तिसऱ्या दिवशी मिरीने कात्रीला नाक लावलं. पाचव्या दिवशी ताईने त्या कात्रीने आगकाड्या कापायला सुरुवात केली. कट् आवाज झाला की तुकडा, कट् की तुकडा. मिरी आवाजाची वाट बघायला लागली.

पायाचं त्याहून हळू. आधी खांद्यावर हात, मग कोपरापर्यंत, मग पंजापर्यंत. मिरीने पाय ओढला की ताई त्याच क्षणी सोडून द्यायची, जरासुद्धा धरून ठेवायची नाही. हे सगळं दहा मिनिटं चालायचं. मिरी रंगात आलेली असली तरी ताई उठायची.

नवरा म्हणाला, या वेगाने नखं कापून होईपर्यंत मिरीचे दात पडतील. ताई म्हणाली, दातांचं मी बघेन, ते माझं खातं आहे.

सासरे मात्र खुर्चीत बसून बघायचे आणि अस्वस्थ व्हायचे. आपल्या हातून बिघडलेलं काम दुसरं कुणी निस्तरतंय, आणि तेही गोगलगाईच्या चालीने, हे त्यांना बघवत नव्हतं. नवव्या दिवशी ताई कामावरून आली तेव्हा टॉवेल चुरगळून पडला होता, वाटी पालथी होती आणि मिरी पलंगाखाली अगदी भिंतीला चिकटून बसली होती. सासऱ्यांच्या मनगटावर ओरखडा होता.

"तिने पाय पुढे केला होता," ते म्हणाले. "म्हटलं, आता तयार आहे तर एक नख उरकून टाकावं. धरला मी घट्ट."

ताईने पर्स खुंटीला अडकवली. तिला राग आला होता आणि तिने तो लपवला नाही, पण आवाजही चढवला नाही.

"बाबा, तिने नऊ दिवसांत माझ्यावर जेवढा विश्वास टाकला होता, तेवढा तुम्ही एका नखासाठी खर्च केलात. आता मला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल. मी बसेन. पण मी घरात नसताना कात्रीला हात लावायचा नाही."

चाळीस वर्षं कारागिरांना दरडावत आलेला तो माणूस मान खाली घालून बरं म्हणाला.

त्या संध्याकाळी ताई पलंगाशेजारी जमिनीवर बसली आणि पलंगाखाली एकेक तुकडा सरकवत राहिली. सासरे खुर्चीतच होते. जमिनीवर बसल्यामुळे तिची नजर त्यांच्या पावलांवर गेली. गेले कित्येक महिने ते घरात मोजे घालून वावरत. फरशी गार लागते म्हणायचे. आता तिला दिसलं की उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक पडलंय, आणि भोक पाडणारं नख पिवळं, जाड आणि एका बाजूला वळलेलं आहे. तिच्या लक्षात आलं की हल्ली ते फिरायला जायचं टाळतात, चपला चावतात म्हणून कुरकुरतात. थरथरत्या हाताने ते वाकून स्वतःची नखं कापू शकत नव्हते, आणि हे सांगण्यापेक्षा त्यांनी मोजे घातले होते.

ती उठली, गरम पाण्याची बादली घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आधी नाही म्हटलं. सुनेने पायाला हात लावायचा, हे काही बरं दिसत नाही, असं म्हणाले. मग बाहेर न्हाव्याकडे जाईन म्हणाले. शेवटी स्वतःच पाय पुढे केले.

"दवाखान्यात मी पोरांना एक गोष्ट सांगते," ताई म्हणाली. "दुखलं, भीती वाटली, नाहीतर नुसतं नको वाटलं, तरी हात वर करायचा. मी थांबते. का म्हणून विचारतही नाही. तुम्हालाही तेच."

वीस मिनिटं पाय पाण्यात भिजले. तिने पाऊल मांडीवरच्या पंच्यावर घेतलं आणि अंगठ्याची कड कापायला घेतली. लगेच सासऱ्यांचा हात वर गेला. ती थांबली. त्यांनी हात खाली घेतला, तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा हात वर. दुखत नव्हतं, ते तिची परीक्षा घेत होते, हे तिला कळत होतं. ती तिसऱ्यांदाही थांबली, तोंड वाकडं न करता. चौथ्यांदा हात वर गेला नाही. दहा नखं होईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. पावलं पुसून झाल्यावर त्यांनी बोटं हलवून पाहिली.

"तू थांबतेस हे पटलं, तेव्हा पाय सैल पडला बघ," ते म्हणाले. मग पलंगाकडे बघत म्हणाले, "मिरीला हात वर करता येत नाही."

"येतो," ताई म्हणाली. "आपल्याला तो ओळखता यायला हवा."

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांचं काम ठरलं. ताईचे डोळे पंजावर असायचे, मिरीचं तोंड त्यांच्या ताब्यात. तुकडे तेच द्यायचे, आणि नजर ठेवायची. चाळीस वर्षं काचेतला केसाएवढा तडा हेरणाऱ्या डोळ्यांना हे काम मानवलं. मिरी जीभ ओठांवरून फिरवते, तेव्हा ती अवघडलेली असते. झोप आलेली नसताना जांभई देते, तीही तशीच. मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दाखवते, किंवा श्वास रोखून दगडासारखी होते, तेव्हा तर ताबडतोब हात काढायचा. दोन दिवसांत ते ताईपेक्षा हुशार झाले. "थांब" म्हणायचे, आणि ताई का असं न विचारता थांबायची.

वाटलं होतं तेवढं मागे जावं लागलं नाही. चौदाव्या दिवशी मिरीने स्वतःहून पाय टॉवेलवर ठेवला. ताईने पंजा वर न ओढता, जसा होता तसाच तळहातावर घेतला, एक बोट वेगळं केलं, नखाच्या टोकाची पातळ चकती काढली आणि पंजा सोडून दिला. कट्. तुकडा. मिरीने तुकडा खाल्ला आणि वाटीकडे पाहिलं. ताईने त्या दिवशी दुसरं नख कापलं नाही. सासऱ्यांना राहवत नव्हतं, पण त्यांनी वाटी उचलून बाजूला ठेवली.

पुढच्या दिवशी दोन नखं, मग तीन. मागच्या पायांना मिरी कमी कुरकुर करायची, म्हणून ताईने आधी ते उरकले. सतराव्या दिवशी मात्र तिचाच अंदाज चुकला. पुढच्या डाव्या पायाचं मधलं नख कापताना काळा ठिपका दिसला होता, तरी तिने आणखी एक चकती काढली. रक्ताचा थेंब टपकला. मिरीने पाय ओढला आणि दोन पावलं मागे सरली. सासऱ्यांचा चेहरा उतरला, ते उठायला लागले.

"बसा बाबा," ताई शांतपणे म्हणाली. "तिला एक तुकडा द्या. मोठा."

तिने चिमूटभर मक्याचं पीठ बोटावर घेतलं आणि वाट पाहिली. सासऱ्यांनी तुकडा पुढे केला. मिरी कधी त्यांच्याकडे बघत होती, कधी उघड्या दाराकडे. जायचं असतं तर ती केव्हाच गेली असती. ती पुढे आली, तुकडा घेतला आणि सासऱ्यांच्या गुडघ्याला टेकून बसली. ताईने नखावर पीठ दाबून धरलं, मनात शंभरदीडशे अंक मोजले, आणि रक्त थांबलं. त्या दिवशीचं काम तिथेच संपलं. सासरे बराच वेळ मिरीच्या कानामागे खाजवत होते. सहा महिन्यांत ती त्यांना इतकी खेटून बसली नव्हती.

आकड्यासारखं वळलेलं अंगठ्याचं नख ताईने शेवटी ठेवलं होतं. विसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, चांगल्या उजेडात तिने ते घेतलं. बोटाने केस मागे सारले, कातडी आणि नख यांच्यातली फट पाहिली आणि कात्रीचं पातं नखाला आडवं लावलं. सासऱ्यांनी मिरीचे डोळे, ओठ, कान निरखून मान डोलावली. पहिल्या कापात वळलेलं टोक सुटून टॉवेलवर पडलं. मग दोन पातळ चकत्या, आणि ठिपका दिसताच हात आवरला. नवरा चहाचा कप हातात धरून दारातच उभा होता, तो तसाच गार झालेला चहा प्यायला.

सोमवारी ताईने प्राण्यांच्या दवाखान्यात फोन करून भुलीची वेळ रद्द करायला सांगितली. डॉक्टर मॅडम स्वतः फोनवर आल्या. धरलं कुणी, असं त्यांनी विचारलं. ताईने सांगितलं, कुणीच नाही. मग मॅडमनी दर दहा दिवसांनी थोडं थोडं कापत राहायला सांगितलं. त्याने आतली शीर हळूहळू मागे सरकते आणि नख आणखी आखूड ठेवता येतं.

महिन्याभराने नवऱ्यालाही हुरूप आला. मलाही शिकायचंय म्हणाला, आणि कात्रीकडे हात पुढे केला. सासऱ्यांनी कात्री आपल्या खिशात टाकली आणि त्याच्या हातात तुकड्यांची वाटी दिली.

"आधी नऊ दिवस नुसता बस," ते म्हणाले.