एका दमाचा चंबू

काचेच्या त्या कारखान्यात साचे नव्हते, कारण लिटरकाका होते. फुंकणीच्या टोकाला तापलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, छाती भरून घ्यायची आणि एका दमात सोडायची. होईल तो चंबू बरोब्बर एक लिटरचा. तिसाव्या वर्षी हे त्यांना जमलं आणि त्यानंतर ते मोजण्याच्या भानगडीत पडले नाहीत. मोजतात ते ज्यांना खात्री नसते, असं म्हणून ते सिगारेट शिलगावत. भट्टी शेजारीच असल्यामुळे काडेपेटी लागत नसे. सिगारेटचा याहून दुसरा फायदा त्यांनाही सांगता आला नसता.

सकाळी त्यांच्या खोकल्यावर शेजारी घड्याळ लावत. घरचा जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबून भिंतीचा रंग निरखत. तो रंग गेली सहा वर्षं बदललेला नव्हता.

धंद्यात मात्र नाव शाबूत होतं. उलट हल्ली त्यांचे चंबू फारच दणकट निघत, हातून सुटले तरी फुटत नसत. काकांनी याचं श्रेय अनुभवाला दिलं होतं.

मग एके दिवशी एका प्रयोगशाळेला दिलेले चाळीस चंबू परत आले. त्यांच्या मागोमाग प्रयोगशाळेच्या बाई आल्या, मोजपात्र घेऊन.

"काका, यात लिटर मावत नाही."

"ओतताना घाई झाली असेल."

बाईंनी त्यांच्यासमोर लिटरभर पाणी सावकाश ओतलं. चंबू भरला तेव्हा मोजपात्रात एकशे साठ मिलिलिटर पाणी शिल्लक होतं.

"मोजपात्र खोटं आहे," काका म्हणाले.

"असेलही. तसं ठरलं तर सगळे चंबू ठेवून घेते. नाहीतर यापुढे साच्याच्या कारखान्यातून घेईन."

काकांनी घरी फोन केला. काकू त्यांचा बरोब्बर लिटरचा जमलेला अगदी पहिला चंबू घेऊन आल्या. त्यात मनीप्लांट होता. तो उपसून हातात धरून त्या म्हणाल्या, "मुळं सुकतायत, लवकर आटपा."

लिटरभर पाणी ओतलं. चंबू काठोकाठ भरला आणि मोजपात्र रिकामं झालं.

बाईंनी जुना आणि नवा चंबू उजेडात धरला. "काच तेवढीच घेता?"

"तोलून. गोळा कधी चुकत नाही."

"म्हणजे काच तेवढीच आणि हवा कमी. म्हणून भिंती जाड."

"अनुभव, अनुभव करत होते," काकू मनीप्लांटला म्हणाल्या.

कारखान्यात चिरंजीवही कामाला होते. त्यांनी खिशातलं यंत्र ओढून कलिंगडाच्या वासाचा ढग सोडला. "बाबांचं वय झालं, बाई. यापुढे मी फुंकतो. आणि ही काही सिगारेट नाही, नुसती वाफ आहे."

"नुसती वाफ हवी असती तर किटलीजवळ उभा राहिला असतास," काकू म्हणाल्या.

चिरंजीवांनी फुंकलं. निम्म्यात ठसका लागला आणि चंबूला कडेला टेंगूळ आलं. रात्रभर निववून दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांसमोर मोजला. टेंगूळ धरून सातशे नव्वद.

मुलगा आपल्या मागे राहिला याचा काकांना आनंद व्हायला हरकत नव्हती. ते बराच वेळ त्या टेंगळाकडे बघत राहिले. मग त्यांनी आपलं सिगारेटचं पाकीट भट्टीत टाकलं आणि मुलाचं यंत्र काढून घेतलं. बाईंनी त्यांचा हात धरला.

"ते नको. आत बॅटरी आहे, भडका उडेल."

"हा ते तोंडात धरतो," काका म्हणाले.

यंत्र काकूंनी पिशवीत टाकलं. बाईंनी तीन महिने थांबायचं कबूल केलं. दोघांपैकी एकाला तरी लिटरचा चंबू जमला पाहिजे, एवढीच अट होती.

ते तीन महिने घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. चिडचिड दोघांची होती. ऐकायला काकू एकट्या. बाप मुलाच्या खिशांवर नजर ठेवी, मुलगा बापाच्या.

ठरल्या दिवशी बाई आल्या. चिरंजीवांच्या चंबूत लिटर मावलं, वर दोन थेंबांची जागा उरली. काकांच्या चंबूत आठशे सत्तर. बाईंनी ऑर्डर कायम ठेवली. फुंकणी मुलाकडे गेली आणि काकांकडे काचेचा गोळा तोलायचं काम आलं. लोक अजून लिटरकाका म्हणूनच हाक मारतात. काका ओ देतात, पण आधी मुलाकडे बघतात.

जिना चढताना हल्ली ते तिसऱ्या मजल्यावर थांबतात. तिथला रंग जरा बरा आहे म्हणतात.