डोळा मारणाऱ्या गाड्यांचा साचा

मी एक जुना लाकडी साचा आहे, आणि स्वभावाने भलताच चौकस. आमच्या छोट्या कारखान्यात दोन माणसांच्या, बुटक्या, वेगवान स्पोर्ट्स कार बनतात. आई, बाबा आणि त्यांची मुलगी, एवढाच काय तो कारभार. पत्रा माझ्यावर ठेवायचा आणि लाकडी हातोडीने ठोकून ठोकून त्याला माझा आकार द्यायचा, ही इथली रीत. म्हणजे मित्रांनो, इथून बाहेर पडलेली प्रत्येक गाडी माझ्याच तोंडवळ्याची आहे.

मार खाण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला छळायचा तो एकच प्रश्न. चाकांवरचे दोन फुगवटे म्हणजे माझे गाल. त्यातला डावा उजव्यापेक्षा फुगीर का? माझे दोन भाग वेगवेगळे घडले. ते जोडेपर्यंत मी मी नव्हतोच, मग मला कुठून आठवणार!

पहिली गाडी उभी राहिली तेव्हा फुगीर गालामुळे मिचकावल्यासारखा दिसणारा तिचा डावा दिवा बघून आईबाबांचे चेहरेच पडले. पण गिऱ्हाईक खूश! "अहो, ही तर डोळा मारते!" म्हणत त्याने गाडी तिथल्या तिथे नेली. मग काय, लोक आमच्या गाड्या लांबूनच ओळखू लागले.

पुढे बाबा वारले. मागणी घटली. माझ्यावर जुनी चादर पडली आणि चादरीवर धूळ. कोण आलं, कोण गेलं, ते मला फक्त चपलांच्या आवाजावरून कळायचं. जीव नुसता कासावीस व्हायचा.

एक दिवस चादर उठली. समोर मुलगी, हातात रंधा.

"आई, नवीन गिऱ्हाईक म्हणतंय, गाडीचं तोंड वाकडं आहे. हा डावा गाल तासून सारखा करते."

"कर की. पण आधी त्यावर वीत टाकून बघ."

मुलीने पंजा ताणला. बरोबर दोन विती. मग आईने उजव्या गालावर आपला सुरकुतलेला पंजा टाकला. तिच्याही बरोबर दोन विती.

"डावा तुझ्या बाबांनी इथे केला, उजवा मी स्वयंपाकघरात. टेप सापडेना, म्हणून ठरलं, दोन विती. वीत म्हणजे वीत! कोणाची, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही बघ." आई खो खो हसली. हसता हसता तिने मुलीचा हात हातात घेतला. "तुझे हात अगदी बाबांवर गेलेत गं."

मुलीने माझ्या डाव्या गालावर पुन्हा आपला पंजा ठेवला. मग तिने रंधा खिळ्याला अडकवला आणि पत्रा आणला. "सांगते गिऱ्हाईकाला, तोंड असंच मिळेल म्हणून."

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू वाकडी दिसली, तर तासण्याआधी तिच्यावर एकदा हात ठेवून बघा. आणि माझं एक काम करा. रस्ता कसा असतो ते मी अजून पाहिलेलं नाही. तिथे कधी एखादी बुटकी गाडी तुम्हाला डोळा मारून गेली, तर तिला हात करा. आमच्या घरची आहे ती.