डाव्या हाताची कात्री आणि दहा पावलं

टीप ४. पाय दुखायला लागले की बसून गार पाणी प्यावं.

टिपांची सुरुवात एकपासून व्हायला हवी, हे खरं. पण दोघी जावांचे पाय एक नंबरची वाट बघत थांबले नाहीत. परक्या देशातल्या त्या अवाढव्य शहरातल्या सात मजली बाजाराच्या पायरीवर त्या टेकल्या, तेव्हा सहलीची बस सुटायला अडीच तास उरले होते.

टिपा थोरलीच्या. ती याआधी दोनदा विमानात बसलेली, म्हणून "बायकांनी परदेशात खरेदी कशी करावी" हे एका मोठ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून आणणं तिला भागच होतं. बसमधल्या सगळ्या बायकांना तिने ते वाचून दाखवलं होतं. दोनदा.

"काय काय झालं घेऊन?" तिने स्वतःच्या चार पिशव्या चाचपत विचारलं.

"काही नाही."

"पाच दिवसांत काही नाही? अगं, लोक काय म्हणतील, जाऊ हिला हॉटेलात कोंडून फिरत होती म्हणतील!"

"मला कात्री हवीय, ताई. बाकी काही नको."

टीप ५. एका दुकानात काही मिळालं नाही की पुढचं दुकान गाठावं.

हिने अकरा गाठली होती.

धाकटी घरी ब्लाउज शिवते आणि ती डावखुरी आहे. बावीस वर्षं ती उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरून कापत आलीय. अशी कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं नेमकं खडूच्या रेघेवर येतं आणि रेघ झाकून टाकतं. पाती एकमेकांपासून फाकतात, मध्ये कापड चावलं जातं. मग अंगठा वाकडा करून ती दाबत राहायची. अंगठ्याच्या मुळाशी आता सुपारीएवढी गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते, "कापणं तुम्ही थांबवा, नाहीतर अंगठाच थांबवेल." फोनवरून तिने दोनदा डाव्या हाताची कात्री मागवली. दोन्ही वेळा साधीच आली, फक्त मूठ लाल. इथे मिळाली नाही, तर परतल्यावर शिलाई मशीनवर काही दिवस कापड टाकून ठेवायचं की कायमचं झाकण घालायचं, एवढाच प्रश्न होता.

भाषा येत नाही. मग ती डावा हात पुढे करायची आणि दोन बोटं कचकच चालवायची. पहिल्या दुकानदाराने तिला हातमोजा दिला. फक्त डावा. दुसऱ्याने मलमपट्टी. सहाव्याने साधी कात्री उलटी करून हातात ठेवली आणि कोडं सुटल्यासारखा हसला. कात्री उलटी केली तरी तीच कात्री, हे त्याला कसं सांगणार?

टीप १. वस्तू मनात भरली की चेहरा दगडासारखा करावा.

बारावं दुकान तळघरात. सुऱ्या, सोलण्या, अडकित्ते. गल्ल्यावर कपाळावर चष्मा चढवलेली एक बाई. धाकटीने हात पुढे केला. बोटं चालवायच्या आधीच चष्मेवालीने तिचा अंगठा धरला. गाठ दाबून पाहिली. चष्मा खाली ओढला. मग काउंटरखाली वाकून, बराच वेळ खडबड करून, धुळीचा एक खोका काढला.

आत कात्री. पाती उलट्या बाजूने बसवलेली.

चष्मेवालीने खडूची रेघ ओढून एक चिंधी दिली. धाकटीने डाव्या हाताने कापली. आणि तिला रेघ दिसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा, पात्याच्या कडेकडेने चालणारी, उघडी, सरळ रेघ. कर्र आवाज एका दमात टोकापर्यंत गेला.

दगड कसला! ती खो खो हसत सुटली, डोळे पुसले, चिंधीचा मुका घेतला.

"झालं," थोरली पुटपुटली. "आता ही बाई आपलं घर लिहून घेईल."

चष्मेवालीने कॅल्क्युलेटर वळवून दाखवला. थोरलीने नाही म्हणून मान हलवली.

टीप २. दुकानदार भाव सोडेना, तर पाठ फिरवून दहा पावलं चालावं.

"ताई, राहू दे ना, देते मी."

"गप. मागे बघू नकोस. आपोआप हाक येते." थोरलीने एका हाताने जावेचं मनगट धरलं, दुसरा हात पाठीमागे नेऊन बोटं खाली करून फडफडवली. आपल्याकडे ज्याला "जा गं बाई, राहू दे तुझं" म्हणतात, तसा.

एक. दोन. तीन. चार.

सात.

दहा.

हाक नाही.

"अकरावं टाक," थोरली म्हणाली, पण आवाजात ती मघाची ऐट नव्हती. तिचा हात मागे अजून फडफडतच होता.

अठरा. जिना. पंचवीस. वरचा मजला, गर्दी, छत्र्यांचं दुकान.

टीप ३. सोबतची बाई हरवली, तर जागचं हलू नये.

"तुम्ही इथेच थांबा, ताई," धाकटीने मनगट सोडवलं. बावीस वर्षांत तिने थोरलीचा शब्द मोडला नव्हता. "मी हरवायला चालले."

ती गर्रकन वळली आणि थेट चष्मेवालीवर आदळली.

चष्मेवाली मागेच होती. धापा टाकत, एका हातात खोका, दुसऱ्यात कॅल्क्युलेटर, चष्मा पुन्हा कपाळावर. तिने थोरलीकडे बोट दाखवलं आणि तसाच हात केला: बोटं खाली, फडफड, फडफड. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मला बोलावलंत ना?

त्या शहरात "राहू दे"चा हात म्हणजे "ये, ये" होतं.

"बघ!" थोरली म्हणाली. "दहा पावलं!"

"ताई, पस्तीस झाली. आणि जिना."

चष्मेवालीने खोका उघडून पुन्हा कापून बघायची खूण केली. चिंधी खाली राहिली होती. थोरली एका कागदाने वारा घेत होती. धाकटीने तो घेतला आणि वरपासून खालपर्यंत, मधोमध, कर्र.

"अगं, माझ्या टिपा!"

आधी चष्मेवाली हसली, मग धाकटी, आणि शेवटी, पिशव्या खाली ठेवून, थोरलीही.

धाकटीने कॅल्क्युलेटरवरचा आकडा पूर्ण दिला. "ती एवढा जिना चढली, ताई." थोरलीने पर्सकडे हात नेला नाही, पण वर खोक्यातली कात्रीच्या तेलाची छोटी कुपी मात्र फुकट मागून घेतली. खुणांनीच; आता हात जपून हलवत.

छत्रीवाल्याकडून चिकटपट्टी मिळाली. धाकटीने पायरीवर बसून दोन्ही तुकडे जोडले. उजवा तुकडा एक ओळ वर सरकला, हे नंतर कळलं.

                    चेहरा दगडासारखा करावा.
वस्तू मनात भरली की पाठ फिरवून दहा पावलं चालावं.
दुकानदार भाव सोडेना, तर जागचं हलू नये.
सोबतची बाई हरवली, तर बसून गार पाणी प्यावं.
पाय दुखायला लागले की पुढचं दुकान गाठावं.
एका दुकानात काही मिळालं नाही की

थोरलीने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"मूळच्यापेक्षा बरं आहे," ती म्हणाली. "बसमध्ये हेच वाचते." मग पाय चोळत उठली. "बस सुटायला अजून तास आहे. दुखतायत ना तुझे पाय?"

"खूप."

"मग चल."